वळवाचा पाऊस आणि ओसरीतली कामे



शेतकऱ्याला सुट्टी नसते असे म्हणतात, ते निम्मेच खरे आहे. चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस आला की त्याला सक्तीची सुट्टी मिळते. ही सुट्टी कोणी मागितलेली नसते, आणि तिचा पगारही मिळत नाही. दुपारपर्यंत अंगाची लाही होते, तीन वाजता पश्चिमेकडून काळे ढग उठतात, वावटळ सुटते, आणि पत्र्यावर टपाटप थेंब पडायला लागतात. मग जो तो अंगणाकडे धावतो. कोणी वाळवण गोळा करतो, कोणी शेळ्या सोडतो, कोणी गोवऱ्यांवर ताडपत्री टाकतो. अर्ध्या तासाने सगळे भिजून ओसरीत येऊन बसतात आणि पावसाकडे बघत राहतात. असे बघत बसण्यात गेलेले दिवस आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून यंदा या सदरात त्याविषयीच लिहायचे ठरवले.

आमचे साडेतीन एकर मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात आहेत. नोकरी असेपर्यंत आम्ही एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पाने-पक्कड धरली, आणि शेताकडे सुट्टीपुरते आलो. निवृत्तीनंतर इथेच राहतो. घरात आमची माय आहे, मुलांची आई आहे, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे. मुंबई-पुण्याकडे कामगार वस्तीत राहणाऱ्या पुष्कळ वाचकांची गावाकडे अशीच एकर-दोन एकर जमीन भावकीत असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावी येतात, आणि नेमका वळीव गाठतो. त्यांनाही हे उपयोगी पडावे.

यंदा जयंती होऊन चारच दिवस झाले होते. अंगणात चिंचा वाळत घातल्या होत्या. बांधावर आमचे चिंचेचे एकच झाड आहे, पण यंदा लदबदले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, ढग नुसताच दिसतोय, पडायचा न्हाई." माय ओटीवरून म्हणाली, "मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्यात, चिंचा आत घ्या." आम्ही शिकलेल्या माणसाचे ऐकले आणि निम्म्या चिंचा भिजल्या.

सगळ्यात आधी जिवाचे सांगतो. वळवाचा पाऊस हा विजांचा पाऊस आहे. आषाढातल्या संततधारेत वीज पडत नाही एवढी या अर्ध्या तासात पडते. शेतात असलात तर झाडाखाली उभे राहू नका. आपली माणसे नेमकी तिथेच जातात, आणि जनावरही झाडालाच बांधतात. पक्के घर जवळ नसेल तर सखल जागी, पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, पण जमिनीवर आडवे पडू नका. हातात कुदळ, विळा असेल तर दूर ठेवा. विहिरीवरची मोटार बंद करायला ओल्या हाताने पेटीला हात लावू नका, भिजली तर भिजू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप मोबाईलवर फुकट मिळते, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर ते सूचना देते. नातीने ते आमच्या मोबाईलमध्ये घातले आहे. मायला मात्र अजून मुंग्यांवरच भरवसा आहे, आणि या खेपेला तरी तीच बरोबर निघाली.

आता ओसरीतल्या कामांकडे वळू.

भिजलेली चिंच तशीच ठेवली तर काळी पडते आणि बुरसते. म्हणून पहिले काम तेच निघाले. गोणपाट अंथरले, माय मधोमध बसली, दगडावर ठेवून बारक्या हातोडीने टरफल फोडायचे, शिरा ओढायच्या आणि चिंचोका काढायचा. सूनबाई, मुलांची आई आणि धाकटा नातू असे तिघे तिच्याभोवती. माय ऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांना कमी दिसते, पण चिंच फोडताना तिचा हात चुकत नाही. फोडलेली चिंच ऊन पडेल तेव्हा पुन्हा दोन दिवस वाळवायची, आणि मग मिठाचा थर देत मडक्यात दाबून भरायची. टरफलासकट विकली तर व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो. फोडून, चिंचोका काढून विकली की भाव चांगला वाढतो. हा फरक म्हणजे घरातल्या बायकांची मजुरी आहे, हे पैसे मोजताना पुरुषांनी विसरू नये. आमच्या घरी चिंचेचे पैसे मायच्या कनवटीला जातात. ते कुठे खर्च होतात याची चौकशी करायची आमची हिंमत नाही.

मुलाने पोती काढली. गेल्या सुगीच्या बारदान्यात उंदरांनी पाडलेली भोके होती. दाभण आणि सुतळी घेऊन तो बसला. पोते उलटे करून आधी झटकायचे, कोपऱ्यात अडकलेले दाणे काढायचे, मगच शिवायचे. त्या दाण्यांत किडे लपलेले असतात आणि नव्या मालात तेच जातात. आम्ही स्वतः खुरपी आणि विळ्यांना कानस मारली. हे काम वर्कशॉपच्या हाताला आवडते. सैल मुठीत पाचर मारली, कुऱ्हाडीचा दांडा बदलला, लोखंडाला जुन्या तेलाचा बोळा फिरवला. गंजलेल्या खुरप्याने निंदताना बाईच्या मनगटाला दुप्पट जोर लागतो. श्रावणात निंदणीला बसल्यावर ते कळते, पण तेव्हा कानस मारायला कोणाला वेळ असतो?

जनावरांचे एक सांगायचे राहू नये. कडब्याची गंजी झाकलेली असली तरी कडेचा कडबा भिजतोच. भिजलेल्या पेंढ्या बाजूला काढून उभ्या करून वाळवा. बुरशी आलेली पेंढी गाईपुढे टाकू नका. आणि दुसरे म्हणजे ज्वारी काढून रिकाम्या झालेल्या रानात वळवाचे पाणी पडले की धसकटांना कोवळे हिरवे फुटवे येतात. उन्हाळ्यात हिरवे दिसले की जनावर त्यावर तुटून पडते. त्या कोवळ्या फुटव्यांत विष असते, खाल्ले की किराळ लागते आणि जनावर तासाभरात आडवे होते. पाऊस पडून गेल्यावर फुटवे कोवळे असेपर्यंत त्या रानात जनावर सोडू नये. आमच्या गावात एकाची दुभती गाय अशीच गेली. सकाळी तिचे दूध काढले होते.

पाऊस थांबेना, तेव्हा आम्ही पेटी उघडली.

पेटी म्हणजे वडिलांची पत्र्याची ट्रंक. त्यात जमिनीचे कागद आहेत. ओल्या हवेत कागद दमट होतात, एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते. वर्षातून एकदा ते मोकळे करावेत, पुसावेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत, आणि मुख्य म्हणजे वाचावेत. आमची जमीन मुळात गायरान. वडिलांनी दगड वेचून, झुडपे तोडून ती कसायला घेतली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जातींच्या भूमिहीनांची अशी कसवणूक नियमित करावी असा शासननिर्णय १९९१ साली निघाला, त्यानंतर हेलपाटे घालून घालून ती नावावर झाली. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे असते. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. कोणी शंभर रुपयांच्या कागदावर लिहून द्या म्हणाले तर तो व्यवहार कायद्याने टिकत नाही. पैसे घेऊन बसलेला आणि जमीन घेऊन बसलेला असे दोघेही अडकतात.

वडील २०११ साली वारले. वारस नोंद करायला आम्ही चार वर्षे लावली. त्यात तलाठ्याचा दोष नव्हता, आळस आमचाच होता. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे असा महसूल कायद्याचा नियम आहे. नोंद करताना भावकीतल्या एकाने सल्ला दिला, "बहिणींची नावं कशाला घालता? त्या काय मागणारेत?" हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. आमच्या दोन्ही बहिणींची नावे आम्ही घातली. थोरली मुंबईला झाडू खात्यात होती. सातबाऱ्यावरचे नाव तिने बोटाने दोन-तीनदा वाचले आणि नंतर म्हणाली, "मला काही नको रे, पण नाव राहू दे." पावसाचा दिवस चांगला असतो. घरातली सगळी माणसे एकत्र असतात, आणि कोणाचे नाव आहे, कोणाचे राहिले, हे सर्वांसमोर वाचता येते.

आता मुख्य कामाकडे येतो. त्यासाठीच खरे तर हे सगळे लिहायला घेतले.

सोयाबीनचे बी घरचे ठेवता येते. या पिकाचे परागीकरण फुलातल्या फुलातच होते, त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणे आणले की दोन-तीन वर्षे तेच चालवता येते, कापसाच्या संकरित बियाण्यासारखे दरवर्षी विकत आणावे लागत नाही. आमच्याकडे परभणीच्या विद्यापीठाचा 'एमएयूएस' मालिकेतला वाण आहे. कायदाही आपल्या बाजूचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या मालातून बी ठेवण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. कंपनीसारखे पिशवीवर छापील नाव घालून मात्र विकता येत नाही.

पण सोयाबीनचे बी नाजूक फार. त्याचे साल पातळ, त्यात तेल जास्त, आणि अंकुर सालीला अगदी लागून असतो. पोते खांद्यावरून धाडकन टाकले तरी आतले बी दुखावते, आणि वरून ते पिवळेधमक दिसते. बाहेरून चांगले आणि आतून मेलेले, असे ते बी असते.

हे आम्ही २०२० साली अंगावर शिकलो. आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस लागला होता. गंजी भिजली, तेच बी आम्ही वाळवून ठेवले. जूनमध्ये पेरले. पाचव्या दिवशी तासात उगवण शोधत फिरलो, तर हातावर मोजण्याइतके कोंब. आम्ही एकटेच नव्हतो. मराठवाड्यात आणि विदर्भात त्या वर्षी सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला, विकतच्या पिशव्यांचेही तेच झाले, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. आमचे बी घरचे होते, आम्ही कोणाकडे तक्रार करणार? दुबार पेरणीला मुलांच्या आईचे डोरले गहाण पडले. ते सोडवायला दोन दिवाळ्या गेल्या. तेव्हापासून आमच्या घरी पहिल्या वळवाला बी मोजल्याशिवाय राहत नाही.

रीत सोपी आहे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून अशी मूठ-मूठ काढून एकत्र करा. त्यातले सरसकट शंभर दाणे घ्या. इथेच लोक फसतात, टपोरे दाणे निवडून घेतात आणि स्वतःलाच फसवतात. जसा येईल तसा दाणा घ्यायचा. गोणपाटाचा हातभर तुकडा धुऊन ओला करा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दोन दाण्यांत बोटाचे अंतर ठेवा. वर दुसरा ओला तुकडा घाला, आणि चटई गुंडाळतो तशी सैल गुंडाळी करून सुतळीने बांधा. सावलीत ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, पण बुडवू नका. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडा आणि मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट असलेलेच धरायचे. वाकडे, तुटके, बुरसलेले सोडून द्यायचे, दया दाखवायची नाही. जमले तर प्रत्येक पोत्याच्या अशा तीन-चार गुंडाळ्या करा आणि सरासरी काढा, म्हणजे आकडा भरवशाचा येतो.

शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर बी पेरायला चांगले. एकरी तीस किलो लागते. सत्तरच्या खाली आले तर त्या मानाने बी वाढवायचे. तीसला सत्तरने गुणा, आणि जेवढे उगवले त्या आकड्याने भागा. पासष्ट उगवले तर साधारण सव्वाबत्तीस किलो येते, साठ उगवले तर पस्तीस. साठच्याही खाली गेले तर ते बी पेरूच नये, बाजाराला न्यावे.

आमच्याकडे चाळीस-चाळीस किलोचे पाच कट्टे होते. तीन खोलीत लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. दोन वर माळ्यावर. फेब्रुवारीत खोलीला चुना लावताना मुलाने ते वर नेऊन ठेवले, आणि खाली आणायचे राहून गेले. नात दहावीची परीक्षा देऊन मोकळी होती. तिने खालच्या आणि वरच्या कट्ट्यांच्या वेगवेगळ्या गुंडाळ्या केल्या, चिठ्ठ्या बांधल्या आणि वहीत तारीख घातली. रोज पाणी शिंपडायचा मान धाकट्याने मागून घेतला.

सातव्या दिवशी ओसरीत सगळे जमले. नातीने खालची गुंडाळी उघडली. पांढऱ्या मुळ्यांचे जाळेच झाले होते. सरासरी एक्याऐंशी. मग वरची उघडली. आधी वास आला. सरासरी त्रेसष्ट. एकाच रानातले, एकाच दिवशी मळलेले बी. फरक एवढाच की दोन कट्टे दोन महिने तापत्या पत्र्याखाली होते.

त्रेसष्ट म्हणजे वाया गेले असे नव्हे. पण अडचण निराळी होती. शेजारच्या तात्यांना मुलाने दोन एकरांचे, म्हणजे साठ किलो बी द्यायचे कबूल केले होते. त्यासाठी तीन हजार रुपये उचलही घेतली होती, आणि ती नातीच्या क्लासला भरली होती. आमच्या तीन एकरांना नव्वद किलो पाहिजे. चांगले बी सारे एकशेवीस. आमचे नव्वद काढले तर तात्यांना तीसच उरत होते.

मुलगा हळूच म्हणाला, "तात्यांना वरचं देऊ. उगवतंय की त्रेसष्ट. त्यांना कुठं कळणारंय?"

खोटे कशाला सांगा, आमच्याही मनात तेच येऊन गेले होते. वर्षभर बघून बघून ठेवलेले बी, आणि चांगले ते आधी आपल्या रानात पडावे असे कोणाला वाटत नाही? शिवाय तात्या काही मोजून बघणाऱ्यांतले नव्हेत. दाणा दाताखाली धरायचा, कट् वाजला की बी चांगले, एवढी त्यांची परीक्षा. मुलांची आई काही बोलली नाही. तिचा हात नुसता गळ्याकडे गेला.

नातीने वही पुढे ओढली. तिला कट्ट्यांवर खडूने आकडा लिहायचा होता. तिने विचारले, "आबा, तात्यांच्या कट्ट्यावर किती लिहू?"

कोणी उत्तर दिले नाही. पत्र्यावरून पन्हाळीचे पाणी पडत होते, तेवढाच आवाज. मुलगा उठला आणि बाहेर जाऊन शेळ्यांचे दावे उगाचच सोडून पुन्हा बांधले. परत येऊन म्हणाला, "साठ आपण, साठ तात्या. चांगल्यातले."

मग हिशेब नव्याने मांडला. आमच्या दोन एकरांना चांगले साठ किलो. तिसऱ्या एकराला वरचे बी, पण तीसऐवजी तेहतीस-चौतीस किलो. उरलेले सेहेचाळीस किलो मोंढ्यात न्यायचे. वरचे कट्टे त्याच दिवशी खाली आणले, आणि आणताना दोघांनी दोन टोकांना धरून आणले, आदळले नाहीत. पेरणीपर्यंत अजून दीड महिना आहे, आणि उतरणीला लागलेले बी आणखी उतरते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याची गुंडाळी पुन्हा करायची. साठच्या खाली आले तर तेही मोंढ्यात जाईल, आणि तिसऱ्या एकराचे बी विकत आणावे लागेल. त्यासाठी चिंचेचे पैसे बाजूला राहतील का, असे आम्ही मायला विचारले. माय म्हणाली, "बघू." तिचे 'बघू' म्हणजे काय ते आम्हाला साठ वर्षांत कळलेले नाही.

पेरणीआधीच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण जूनमध्ये हे सदर वाचायला कोणाला फुरसत नसते. पेरणीच्या आधी बियाण्याला आधी बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा लावावे, आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. दहा किलोला अडीचशे ग्रॅमचे एकेक पाकीट पुरते. हलक्या हाताने चोळा, साल निघेल असे रगडू नका, आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. आणि वळवाच्या ओलीवर कधीही पेरू नका. ती ओल वरवरची असते. बी फुगते, वरून ऊन पडते आणि कोंब जागीच जळतो. मृगाचा पाऊस चांगला पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाला, ढेकूळ फोडून बघितले आणि आत ओल लागली, मग पेरा. चार दिवस उशीर झालेला पुरवतो, दुबार पेरणी पुरवत नाही. वळवाच्या ओलीचा उपयोग वखरणीला करून घ्या, तोही लगेच नाही, वाफसा आल्यावर. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की ढेकळे दगडासारखी बसतात.

संध्याकाळी पाऊस उघडल्यावर आम्ही आणि मुलगा तात्यांकडे गेलो. दोन्ही गुंडाळ्या बरोबर नेल्या. झालेले सगळे सांगितले. माळ्यावरचे बी त्यांना द्यायचे मनात आले होते तेही मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितले. आम्ही सांगायला लावले नव्हते. तात्यांनी दोन्ही गोणपाटे पत्र्याखालच्या दिव्याकडे नेली आणि कितीतरी वेळ उलटीपालटी करून बघितली. मुळ्यांना बोट लावून बघितले. उचल परत मागतील असे आम्हाला वाटत होते. खिशात पाचशे रुपये होते, बाकीच्यांची मुदत मागायची असे ठरवून आलो होतो.

तात्या आत गेले. आतून हंड्यांचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती.

"ही माझी तूर," ते म्हणाले. "तीन वर्षांची आहे. दाताला तर चांगली लागती. पोरीला म्हणावं, हिचीबी एक गुंडाळी कर. गोणपाट मी देतो."